काकींची उजवी बाजू

एका बाईच्या चेहऱ्याची उजवी बाजू माझ्यामुळे लालभडक झाली, आणि त्यानंतर तीन महिने मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. हे आधीच सांगून टाकतो. काकींबद्दल बोलायला लागलं की मी त्यांच्या गमती सांगत सुटतो, ऐकणारे हसतात, आणि मला जे सांगायचं असतं ते राहून जातं. दोन-तीनदा असं झालेलं आहे. म्हणून या वेळी लिहायला बसलोय.

काकी म्हणजे कोपरीतल्या आमच्या घरमालकीण. ठाणे पूर्वेला त्यांचं दुमजली घर, खाली त्या आणि त्यांचा मुलगा, वर आम्ही आणि कुलकर्णी असे दोन भाडेकरू. आता आम्ही डोंबिवलीत स्वतःच्या घरात राहतो, पण सात वर्षं त्या घरात काढली. काकी सत्तरीच्या, ठेंगण्या, पुढचे दोन दात गेलेल्या. त्यांना आम्हाला फोन करायची गरज कधी पडली नाही. खाली अंगणात उभं राहून "मास्तर" म्हटलं की वरच्या मजल्यावर भांड्यांना ऐकू जाई.

काकी आगरी. लग्न होऊन आल्या तेव्हा घरची भातशेती होती आणि खाडीकडे मिठागर. मिठागरात त्या लहानपणापासून अनवाणी राबल्या, आधी बापाच्या, मग सासऱ्याच्या. तिथले खारे वाफे कधीच बुजले, पण त्यांच्या पायांनी मिठागर सोडलं नव्हतं. टाचा अशा, की एकदा अंगणात फुटलेल्या बाटलीची काच घुसली तर त्यांना ती संध्याकाळी पाय धुताना दिसली. दुखलं म्हणून कळलं असं नव्हे, चकाकली म्हणून कळलं.

अशा बाईच्या नावावर दर महिन्याला सौंदर्यप्रसाधनांचा डबा येत असे.

तो पाठवायची त्यांची नात. मुलाची एकुलती एक मुलगी. बापाने तिच्यासाठी दिवा गावातलं स्थळ बघून ठेवलं होतं, आणि तिने बंगळुरूची नोकरी धरली. तेव्हापासून बाप तिच्याशी बोलत नव्हता. रेती-विटांचा धंदा असलेला, एरवी सगळ्या कोपरीशी बोलणारा तो माणूस, पण मुलीचं नाव निघालं की उठून टेंपो धुवायला जायचा. पोरीला आजीशी बोलायचं असायचं, पण विनाकारण फोन केला तर घरात कुरबुर. मग तिने कारण शोधलं. अशी एक कंपनी असते की दर महिन्याला एक पुठ्ठ्याचा गुलाबी डबा घरी येतो, त्यात पाच-सहा नमुने, क्रीम, शाम्पू, लिपस्टिक, सगळं बोटाएवढं. वापरून बघायचं आणि कसं वाटलं ते कळवायचं. नातीने आजीचं नाव घातलं. डबा आला की त्या शनिवारी चार वाजता ती व्हिडिओ कॉल करणार आणि आजी एकेका वस्तूचा निकाल देणार. कामाचा फोन. त्याला कोण काय म्हणणार?

काकींनी हे काम जितकं गंभीरपणे घेतलं, तितकं मी माझी नोकरी घेतली असती तर आज मुख्याध्यापक असतो.

पहिला नियम, तोंडाच्या अर्ध्याच भागाला लावायचं. उजव्या. डावी बाजू तशीच ठेवायची.

"पुऱ्या तोंडाला लावला तर कलनार कसा?" त्या म्हणायच्या. "सासरा माजा वाफ्यात काय नवा करायचा तर बाजूचा वाफा तसाच ठेवायचा. मंग दोनी बघायचा."

मी टेंभी नाक्याजवळच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. नववीच्या पोरांना प्रयोगात तुलनेसाठी एक नमुना तसाच का ठेवायचा हे समजावताना माझा अर्धा तास जातो. ते या बाई एका वाक्यात सांगत होत्या. मी वर्गात त्यांचं उदाहरण द्यायला लागलो. नाव न घेता म्हणायचो, कोपरीत एक संशोधक राहतात.

अर्ध्या तोंडाला लावून काकी घरात बसत नसत. बाजारात जायच्या. रिक्षावाल्याला विचारायच्या, पोस्टमनला विचारायच्या, आणि शेवटी नेहमीच्या कोळणीसमोर उभ्या राहून दोन्ही गाल आळीपाळीने पुढे करायच्या.

"बघ गो, कंची बाजू बरी?"

"काकी, दोनी सारक्याच जुन्या हायत."

"मंग तुजा पापलेट पन तसाच आसंल," म्हणून पुढच्या पाटीकडे. ती कोळीण मागून हाका मारत राही, आणि दुसऱ्या दिवशी उजवी बाजू बरी आहे असं न विचारता सांगे.

काही वस्तूंचा उपयोग त्यांनी स्वतः ठरवला होता. लिपस्टिक त्या तोंडाला लावत नसत. अंगणात पाण्याचे तीन नळ होते, त्यांच्या चाव्यांवर लिपस्टिकच्या खुणा. आमचा लाल, कुलकर्ण्यांचा गुलाबी, स्वतःचा चॉकलेटी. माझी बायको पहिल्यांदा पाणी सोडायला गेली आणि तशीच परत आली. म्हणाली, "आपल्या नळाला जी शेड लावलीय ना, ती मी दुकानात हातात घेऊन परत ठेवली होती."

अत्तराची बारकी कुपी आली की ती सुक्या बोंबलांच्या डब्याच्या झाकणावर. का, तर वर कुलकर्णीवहिनी शाकाहारी, त्यांना वासाचा त्रास नको.

"वहिनी, आता येतो का वास?"

"येतो काकी. पण आता बोंबील गुलाबाच्या ताटव्यात लोळून आल्यासारखा येतो."

"मंग सुधारला ना?"

एकदा डब्यात चेहऱ्यावर चिकटवायचा ओला कागद आला, डोळ्यांना आणि तोंडाला भोकं पाडलेला. तो मात्र अर्धा कापायची काकींना हिंमत झाली नाही, पुराच लावला. नेमका तेव्हा गॅस सिलिंडरवाला आला. दार उघडलं, समोर पांढरंफटक तोंड. त्याने सिलिंडर फाटकातच ठेवला आणि हिंदीत म्हणाला, नंतर येतो.

"आरं ये," काकी कागदाच्या भोकातून ओरडल्या. "भुताला शिलिंडर कशाला लागतो?"

आम्ही डोंबिवलीला गेलो तेव्हा वास्तुशांतीला काकी आल्या. येताना पिशवीत आठ-दहा चिमुकल्या शाम्पूच्या बाटल्या, आहेर म्हणून. पूजा चालू असताना कधीतरी न्हाणीघरात गेल्या आणि उजवा हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन बाहेर आल्या. दोन्ही हात गुरुजींसमोर धरले. म्हणाल्या, "हितला पानी जड हाय. केस सांभाला." गुरुजींनी मंत्र थांबवून दोन्ही हात बघितले आणि मान डोलावली.

आता त्या शनिवारांबद्दल.

डबा आला की दुपारी जेवणं उरकून ओटीवर जमायचं. माझी बायको, कुलकर्णीवहिनी, काकी, आणि मी. मी एकटा पुरुष. मला बोलावणं असायचं कारण पाकिटांवर सगळं इंग्रजी, तेही मुंगीच्या पायाएवढं, आणि मी शिकलेला, शिवाय काकींच्या लेखी औषधांचा मास्तर. काकी विळीवर डबा कापायच्या, जिताडा माशाचं पोट फाडावं तसा. एकेक वस्तू हुंगायच्या. मग मी वाचायचो, त्या ऐकायच्या. आणि मग दुसरा नियम, आधी पायाला. टाचेवर चोळून सुपारी कातरून होईपर्यंत थांबायचं. पायाला काही झालं नाही तर तोंडाला.

याच्यात एक ढोबळ चूक होती आणि ती माझ्या लक्षात यायला हवी होती. त्या टाचेला काहीच होत नसे. त्या टाचेवर मी प्रयोगशाळेतली अर्धी बाटली ओतली असती तरी काकी सुपारी कातरत राहिल्या असत्या. त्यांच्या सगळ्या आयुष्यात पायानेच सांगितलं होतं, मीठ तयार आहे का, चिखल किती खोल आहे. त्यांनी पायावर विश्वास ठेवला यात त्यांची चूक नाही. पण मला त्वचा म्हणजे काय हे माहीत होतं, आणि मी पहिल्या महिन्यापासून ते बघत होतो. बोललो नाही. कारण डबा पार पडला की मला ताटात मासा मिळायचा आणि "मास्तर, तू हायस म्हनून" हे वाक्य मिळायचं. शाळेत मला तसं कोणी म्हणत नाही.

माझे वडील मोहन्याच्या रसायनांच्या कारखान्यात होते. आमच्या घरी फिनेलची बाटली उघडायची तरी आधी तिच्यावरचा कागद वाचून दाखवावा लागे. मीही माझ्या वर्गाला वर्षाच्या पहिल्या तासाला तेच सांगतो. वाचल्याशिवाय हात लावायचा नाही.

त्या शनिवारी चष्मा वर राहिला होता. जिना चढायचा होता. हातात चहा होता. काकींनी एक चपटं पाकीट पुढे केलं.

"मास्तर, हा किती वेल ठेवायचा?"

मी पाकीट हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. अक्षरं नुसती वळवळत होती.

"पायाला काही झालं नाही ना?"

"पायाला काय होनार?"

"मग लावा. तासभर राहू द्या."

तासभर हा आकडा कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. पूर्वी कधीतरी दुसरं काही वाचलं असेल, तोंडातून निघून गेला. काकींनी नियमाप्रमाणे उजव्या बाजूला लावलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, चुनचुनतंय. मी म्हटलं, काम करतंय. कुलकर्णीवहिनी म्हणाल्या, "काकी, धुता का?" काकी म्हणाल्या, "मास्तरनी सांगितला ना तासभर."

चारला फोन आला. नातीने आजीचं तोंड बघितलं आणि तिचा आवाजच बदलला.

"आजी, गाल केवढा लाल झालाय तुझा. किती वेळ ठेवलंयस ते?"

"तासभर. पाकिटावर तसाच लिवलाय," काकी म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. "ना रं मास्तर?"

मी मान हलवली.

एवढंच केलं मी. बोललोसुद्धा नाही. बायको काकींना तोंड धुवायला आत घेऊन गेली, आणि मी ते रिकामं पाकीट उचलून खिशात टाकलं. वर जाऊन चष्मा लावला. दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. संवेदनशील त्वचेवर वापरू नये. जळजळ झाल्यास लगेच धुवावे. तोंडावरची जुनी कातडी काढायचं आम्ल होतं ते. मी ते पाकीट दहावीच्या पाठ्यपुस्तकात ठेवलं, आम्लांच्या धड्यात नव्हे, घाबरून दुसऱ्याच कुठल्यातरी पानात.

खाली तोवर वाईट झालं होतं. काकींचा मुलगा टेंपो धुवून आत आला, आईचा गाल बघितला, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याने मुलीचा फोन हातात घेतला. म्हणाला, "म्हातारीवर प्रयोग करायला पाठवतेस का? बंद कर ते." एवढं बोलून फोन खाली ठेवला. मी जिन्यात उभा होतो. बापाने वर्षाने मुलीशी बोललेलं पहिलं वाक्य ते होतं, आणि ते माझ्या मान हलवण्यातून निघालं होतं.

नातीने डबा बंद केला. आजीला एकदाच फोन करून म्हणाली, मी बघून पाठवायला हवं होतं, माझंच चुकलं. त्यानंतर फोनही नाही.

काकींच्या तोंडाचं म्हणाल तर त्यांना स्वतःला त्याचं काहीच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या भाचीची हळद होती. आगऱ्यांची हळद म्हणजे अख्खं गाव, बँड, आणि दुपारपासून चुली. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, जाऊ नका. त्या गेल्या. हळद लावायला बायका आल्या तर म्हणाल्या, डाव्या बाजूला लावा, उजवी आजारी हाय. एक गाल पिवळाधमक, एक गाल लाल, अशा त्या बँडसमोर नाचल्या. नवरीच्या मैत्रिणींना वाटलं हा नवीन प्रकार आहे, दोघी-तिघींनी त्यांच्यासोबत फोटो काढले आणि एकीने स्वतःच्याही अर्ध्याच तोंडाला हळद लावून घेतली. मी पत्रावळीसमोर बसून हे बघत होतो. मला हसू येत होतं आणि पानातलं वाढलेलं तसंच पडून होतं.

आठवड्यात कातडी निघाली आणि खालून स्वच्छ, नितळ गाल आला. काकी तो घेऊन कोळणीकडे गेल्या. कोळणीने या वेळी खरंच निरखून बघितलं.

"काकी, उजवी बाजू तरनी दिसते."

"बघ. आन लोक बोलतात वंगाल जाला."

पण शनिवारी चार वाजता त्या ओटीवर फोन मांडीत घेऊन बसायच्या. मी शाळेतून उशिरा आलो की अंगणातून तसाच वर जायचो. एकदा म्हणाल्या, "मास्तर, आज नेटवर्क नाय वाटतं." मी माझा फोन काढून बघितला. पूर्ण होतं. म्हटलं, "हो काकी, माझंही गेलंय." म्हणजे दुसरं खोटं.

तीन महिने. का बोललो नाही हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. घर सोडावं लागेल ही भीती होती, थोडीशी. पण खरी गोष्ट अशी की मला मास्तर राहायचं होतं.

शेवटी मी सांगितलं ते माझ्या धैर्याने नव्हे. बायको माझ्या पाठ्यपुस्तकाला नवं कव्हर घालत होती. पाकीट खाली पडलं.

"हे तुम्ही वापरता?" तिने विचारलं. तिच्या डोळ्यांत शंका कमी आणि उत्सुकता जास्त होती. मला हो म्हणून सुटता आलं असतं. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "परवा त्यांनी तुमच्यासाठी म्हणून कोळंबीचं कालवण पाठवलं. तुम्ही दोनदा वाढून घेतलंत." मग पाकीट माझ्या चहाच्या बशीत ठेवून स्वयंपाकघरात गेली.

शनिवार होता. मी चष्मा लावून खाली गेलो. काकी ओटीवर सुकी कोळंबी निवडत होत्या. मी समोर बसलो आणि पाकीट वाचून दाखवलं, जे तीन महिन्यांपूर्वी वाचायला हवं होतं ते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

काकींचे हात कोळंबीवरच थांबले.

"धा मिन्टं?"

"हो."

"आन तू तवा वाचला नवता?"

"चष्मा वर होता काकी."

"मंग पोरीसमोर मान कशाला हलवलीस?"

"लाज वाटली."

  काकींनी सुपातली एक कोळंबी उचलून तिचं डोकं मोडलं आणि म्हणाल्या, "तोंड माजा व्हता, त्याचा मना काय नाय. पन पोर माजी तीन महिनं सोताला दोष देत बसली. तुला जिन्यावरून उतरायला तीन महिनं लागलं?"

"हो."

"लाव फोन."

"आत्ता?"

"मंग काय पुढच्या हलदीला?"

मी माझ्या फोनवरून लावला, तिने उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं, चष्म्यापासून नेटवर्कपर्यंत.  मग तिने विचारलं, "सर, तुम्ही शाळेत काय शिकवता?"

"रसायनशास्त्र."

 आणि मग ती हसायला लागली. आधी दाबून, मग मोठ्याने, आणि त्या हसण्याचं मधेच काहीतरी दुसरंच झालं आणि पुन्हा हसणं झालं. काकींनी फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि कानाला लावून नुसत्या ऐकत बसल्या. शेवटी ती एवढंच म्हणाली, "पप्पांना मी नाही सांगणार. ते तुम्ही सांगा."

काकींचा मुलगा अंगणात टेंपो धूत होता. त्यालाही मी सगळं सांगितलं. तो माझ्याकडे न बघता टायरवर पाणी मारत होता. माझं संपलं तेव्हा त्याने नळ बंद केला, चॉकलेटी खुणेचा, आणि म्हणाला, "बरं." आणि आत गेला. त्या "बरं"चा अर्थ मला पुढच्या तीन आठवड्यांत लागला नाही. घर सोडायला सांगेल असं वाटत होतं. मी डोंबिवलीला दोन जागाही बघून आलो.

चौथ्या आठवड्यात गुलाबी डबा आला.

ओटीवर सगळे जमलो. मी चष्मा लावूनच उतरलो होतो. काकींनी डबा कापला, पहिलंच पाकीट काढलं आणि माझ्यासमोर धरलं. मातीचा लेप होता. मी वाचलं. काकी म्हणाल्या, परत वाच. परत वाचलं, आयात करणाऱ्याच्या पत्त्यासकट. कुलकर्णीवहिनी पेंगायला लागल्या. काकी मात्र पोथी ऐकावी तशा ऐकत होत्या.

"किती वेल?"

"दहा मिनिटं. जास्त नाही."

"आन पायाला लावून कलतं का?"

"तुमच्या पायाला नाही कळत काकी. कानामागे लावून बघायचं, नाहीतर कोपराच्या आतल्या बाजूला."

"पैला सांगितला आसतास तर," त्या म्हणाल्या. मग पाकीट फोडलं, बोटावर घेतलं. "चष्मा काढ."

"कशाला?"

"आजपासून पैला तुज्या तोंडाला. बायकोला विचार, तिची काय हरकत नाय."

बायकोने मान हलवली. तिची मान खरी होती.

आधी कानामागे. मग काही होत नाही असं बघून काकींनी माझ्या उजव्या गालावर, अर्ध्या कपाळावर, अर्ध्या नाकावर तो करडा लेप थापला, घराला मातीचा गिलावा करावा तसा. थंडगार होता. मी घड्याळ बघून ठेवलं. तेवढ्यात फोन वाजला, आणि नातीने माझं तोंड बघून पहिला प्रश्न विचारला, "सरांनी वाचलं का?"

"दोन टायमाला," काकी म्हणाल्या.

त्या दोघी सुरू झाल्या. जेवलीस का, तिकडे ऊन आहे का, ऑफिसातली ती भांडकुदळ बाई काय म्हणते. चार महिन्यांचं साठलेलं होतं. बाहेर टेंपो धुण्याचा आवाज येत होता, मग तो थांबला. काकींचा मुलगा ओटीच्या पायरीशी आला आणि मला बघून उभाच राहिला.

"मास्तर, हे काय?"

फोनमधला आवाज बंद झाला.  कुलकर्णीवहिनी जाग्या झाल्या.

"मास्तरवर प्रयोग चाललाय," काकी म्हणाल्या.

तो दोन पायऱ्या चढून आला. ओले हात पँटला पुसले. वाकून माझा गाल बघितला, भिंतीचं काम बघतात तसा, तिरका, उजेडाकडून.

"खाली हनुवटीला नीट नाही लागलंय," तो म्हणाला.

फोनमधून हळूच आवाज आला. "पप्पा, दिसत नाहीये इथून. जरा जवळ धरा ना."

काकींनी फोन पुढे केला. तो काही क्षण तसाच उभा राहिला, मग त्याने घेतला. माझ्या तोंडासमोर धरला, हातभर अंतरावर. मला फोनची पाठ दिसत होती आणि तिच्यावरून त्याचे डोळे. ते माझ्या गालावर नव्हते, पडद्यावर होते.

"आता दिसतंय?" त्याने विचारलं.

"हो. कपाळावर जास्त झालंय."

"आजीचा हात आहे तो."

"नाकावर फाटलंय बघा."

"ते हसले ना, म्हणून. हसू नका मास्तर."

"अजून थोडं डावीकडे घ्या, पप्पा."

त्याने घेतलं. बोलत राहिले दोघं, माझ्या गालाबद्दल, कानाजवळच्या एका रिकाम्या जागेबद्दल, मग तसल्याच एका भिंतीबद्दल जी त्याने म्हणे तिच्या लहानपणी तिला रंगवू दिली होती. लेप वाळून ताठ झाला, ओढायला लागला, चुनचुनायला लागला. समोर घड्याळ होतं. दहा मिनिटं होऊन गेली होती, चौदा झाली होती. बायको मला खूण करत होती. पाकिटावर स्वच्छ लिहिलेलं होतं आणि मी ते दोनदा वाचलेलं होतं. मी मान न हलवता बसून राहिलो.